मुठेच्या वाट्याचं पाणी

दर पावसाळ्यात पुण्यात एक बातमी ठरलेली असते. खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली गेला. मग लोक छत्र्या घेऊन लकडी पुलावर आणि झेड ब्रिजवर उभे राहतात, फोटो काढतात आणि घरी फोन करून सांगतात, "नदी आलीय बघ." मला हे वाक्य अगदी नेमकं वाटतं. नदी येते, म्हणजे एरवी ती नसते. वर्षाचे आठ-नऊ महिने त्या पात्रातून जे वाहतं ते तुमच्या-माझ्या मोरीतलं आणि संडासातलं पाणी, थोडं शुद्ध केलेलं, थोडं तसंच.

सध्या सगळं भांडण नदीकाठाचं चाललंय. झाडं किती तोडली, भिंत किती उंच, सायकल ट्रॅक कुठून. ते भांडण व्हायलाच हवं, पण मला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो. मुठेचं पाणी गेलं कधी, गेलं कुठं आणि एकदा गेलेली नदी परत येते का? पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

पेशवाईतलं पुणं प्यायला मुठेवर फारसं अवलंबून नव्हतं. विहिरी होत्या, आड होते, आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून नळ आणून शहरातले हौद भरले गेले. तेव्हाच आंबिल ओढ्याचा प्रवाह पेठांमधून काढून पर्वतीकडून वळवला. म्हणजे पाण्याची वाट बदलायचा उद्योग पुण्याला नवा नाही, पावणेतीनशे वर्षांचा जुना आहे. पण मुठा मात्र मोकळी होती. ओंकारेश्वराच्या घाटाखाली जे पाणी यायचं ते थेट सह्याद्रीतलं.

ते पहिल्यांदा अडलं खडकवासल्याला. इंग्रजांच्या लष्करातल्या फाईफ नावाच्या अभियंत्याने धरण आखलं, १८६९ ते १८७९ या दहा वर्षांत ते बांधून झालं. जुन्या नकाशांवर त्या जलाशयाचं नाव ‘लेक फाईफ’ असंच आहे. पाणी शेतीला हवं होतं आणि पुणे-खडकीच्या छावण्यांनाही. उजवा कालवा तिथूनच निघाला, आज तो पर्वतीच्या पायथ्यावरून, हडपसरवरून पुढे दौंड-इंदापूरकडे जातो. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी इथे आपले स्वयंचलित दरवाजे बसवले आणि भिंत न वाढवता साठा वाढवला. अभियांत्रिकी म्हणून ही फार देखणी गोष्ट आहे, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

आणि खरं सांगायचं तर एवढ्याने मुठा मेली नाही. धरण लहान होतं. आजही खडकवासल्यात दोन टीएमसीपेक्षा कमी पाणी मावतं. जुलैचे मोठे लोंढे त्यावरून सरळ खाली जायचे, पात्र घासून-पुसून काढायचे, डोह खोल ठेवायचे. उन्हाळ्यात धार बारीक व्हायची, पण डोह राहायचे. फ्रेझर नावाच्या अभ्यासकाने १९४२ मध्ये ‘पुण्याचे मासे’ या विषयावर मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात लेख लिहिला. नंतरच्या अभ्यासकांनी पुन्हापुन्हा याच नद्यांत जाळी टाकली तेव्हा तुलनेला ती जुनी यादी हाताशी होती. शहरातल्या पात्रातून एकेक जात गळत गेली, हे आपण आज पुराव्याने सांगू शकतो ते अशा याद्यांमुळे.

मग आलं १९६१. १२ जुलैला बांधकाम सुरू असलेलं पानशेत फुटलं, त्या पाण्याने खडकवासला फोडला आणि दुपारपर्यंत पेठा बुडाल्या. ही हकीकत पुण्यात प्रत्येक घरात आहे, मी पुन्हा सांगत नाही. सांगायचंय ते पुढचं. त्या दिवसानंतर शहराने नदीकडे पाठ फिरवली. घाटावरची घरं गेली, लोक गोखलेनगर-सहकारनगरकडच्या वसाहतींत गेले, आणि नदी म्हणजे धोका हे दोन पिढ्यांच्या डोक्यात बसलं. पाठ फिरवलेल्या जागेचं आपल्याकडे काय होतं? कचरा टाकायची जागा होते.

त्याच काळात वर धरणं वाढत गेली. पानशेत पुन्हा बांधलं, वरसगाव झालं, टेमघर झालं. चारही मिळून साठा सुमारे २९ टीएमसी. म्हणजे आंबी, मोसे आणि मुठा या तिन्ही नद्यांचं डोंगरातलं पाणी शहराच्या वरच कुलूपबंद झालं. इंग्रजांच्या धरणाने पाण्याचा वाटा घेतला होता, या चार धरणांनी नदीचं वेळापत्रकच बदललं.

हे वेळापत्रक म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण नदीशास्त्राचं मर्म तिथेच आहे. नदी म्हणजे अमुक इतकं पाणी नव्हे. कुठल्या महिन्यात किती, किती वेगाने आणि सोबत किती गाळ-वाळू घेऊन, हे सगळं मिळून नदी. मृगाचं पहिलं पाणी आलं की मासे अंडी घालायला उलटे वर चढतात. मावळात अजून लोक ‘चढणीचे मासे’ म्हणतात. आता धरणं रिकामी असल्यामुळे ते पहिलं पाणी वरच अडतं. खाली विसर्ग सुटतो तो धरणं भरत आल्यावर, म्हणजे बऱ्याचदा जुलैअखेर नाहीतर ऑगस्टमध्ये, आणि तोही एकदम. माशांच्या घड्याळात तेव्हा उशीर झालेला असतो. दुसरं म्हणजे धरणात गाळ-वाळू खाली बसते आणि सुटतं ते नुसतं पाणी. अशा पाण्याला नदीचे अभ्यासक ‘उपाशी पाणी’ म्हणतात, ते आपली भूक भागवायला खालचे काठ आणि तळ खातं. तिसरं म्हणजे दरवर्षी-दोन वर्षांनी येणारा काठोकाठ पूर. आपल्याला तो संकट वाटतो, पण पात्राची रुंदी आणि खोली ठरवणारा गवंडी तोच. तो थांबला की पात्रात झुडपं उगवतात, गाळ घट्ट बसतो, पात्र आकसतं.

आणि मैल्याचं काय? नदीला स्वतःला साफ करायची ताकद असते, हे आजीचं म्हणणं विज्ञानालाही मान्य आहे. १९२५ मध्ये अमेरिकेत स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीवर त्याचं गणित मांडलं. मैला पाण्यात पडला की जिवाणू तो खातात, खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. पुढे खडकांवरून खळाळताना हवेतला प्राणवायू पुन्हा पाण्यात मिसळतो. खर्च आणि जमा. वरून स्वच्छ पाणी येत असेल आणि मैला बेताचा असेल तर काही किलोमीटर पुढे हिशेब जुळतो. आपण वरची जमा बंद केली आणि खालचा खर्च दरवर्षी वाढवला. मग जलपर्णी आली नाही तरच नवल. जलपर्णी काढायच्या निविदा दरवर्षी निघतात, पण जलपर्णी हा रोग नाही, ताप आहे.

पाण्याबरोबर जागाही गेली. पात्रातला रस्ता, त्यात पार्किंग, चौपाटी, पावसाळा सोडून वर्षभर राडारोड्याचे ट्रक. विठ्ठलवाडीकडून महामार्गाकडे जाणारा रस्ता थेट पात्रात भराव टाकून केला, त्यावर २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला हस्तक्षेप करावा लागला. पुढे डेक्कनला मेट्रोचे खांब आणि स्थानकंही पात्रात आली. मेट्रो मला हवीच आहे, मी तिने जातोही. पण शहरातली सगळ्यात स्वस्त जमीन म्हणून नदी वापरायची सवय आपल्याला लागली आहे, आणि त्याची पावती फाटतेच. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेक होता. निळी पूररेषा आखलेली आहे ६० हजार क्युसेकसाठी. म्हणजे ज्या पाण्याने निळ्या रेषेच्या आसपासही पोचायला नको होतं त्याने लोकांचे फ्रिज तरंगले. तिथल्या रहिवाशांना ‘नदीत घर कशाला घेतलं’ असं विचारणाऱ्यांची मला चीड येते. त्या इमारतींचे नकाशे कुणीतरी मंजूर केले होते, त्यांच्याकडून घरपट्टी कुणीतरी घेत होतं.

इथवर रडगाणं झालं. आता नदी परत येते का, याचं उत्तर शोधायला जरा लांब जाऊ, कारण एवढ्या मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे ते कुणी करून पाहिलेलं नाही.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात किसिमी नावाची नदी आहे. सपाट प्रदेशातून १६६ किलोमीटर नागमोडी वाहायची, पावसात दोन्हीकडची दलदल भरायची, लाखो पक्षी यायचे. १९४७ च्या वादळांत मोठे पूर आले आणि लोकांनी सरकारकडे मागणी केली की या नदीचा बंदोबस्त करा. सरकारने केला. १९६२ ते १९७१ मध्ये नदी सरळ करून ९० किलोमीटरचा एक खोल कालवा खणला. पूर थांबले. दलदल सुकली, हिवाळी बदकं आणि पाणपक्षी नव्वद टक्क्यांहून जास्त घटले, जुन्या वळणांत पाणी साचून तळाशी काळा चिखल बसला. मजा बघा, खोदकाम संपल्यावर पाचच वर्षांत, १९७६ ला, त्याच राज्याच्या विधिमंडळाने नदी पुन्हा होती तशी करायचा कायदा केला.

कायदा झाला तरी कालवा बुजवायला सुरुवात व्हायला १९९९ उजाडलं. मधली वर्षं गेली प्रयोगात, मोजमापात आणि जमीन विकत घेण्यात. एक लाख एकरांहून जास्त जमीन सरकारने घेतली, कारण नदीला पसरायला जागा द्यायची तर ती आधी कुणाकडून तरी रीतसर घ्यावी लागते. मग खणून काढलेली तीच माती परत कालव्यात लोटली. सुमारे ३५ किलोमीटर कालवा बुजवला आणि ७० किलोमीटर नदी पुन्हा वाहती झाली. काम पूर्ण झालं जुलै २०२१ मध्ये. खर्च सुमारे एक अब्ज डॉलर, कालवा खणायला लागले त्याच्या कित्येक पट.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे. जुन्या वळणांत पाणी सलग वाहू लागल्यावर वर्षानुवर्षांचा तो काळा चिखल नदीने स्वतः धुऊन नेला. कुणी जेसीबी लावला नाही. वळणांच्या आतल्या बाजूला वाळूचे दांडे आपोआप पडले, पाण्यातला प्राणवायू वाढला, पक्षी परत आले. अभियंत्यांनी दोनच गोष्टी दिल्या: जागा आणि सलग पाणी. आणि सलग पाण्यासाठी त्यांना वरच्या तलावांचं वेळापत्रक बदलावं लागलं, म्हणजे तलावांत पाणी किती उंचीपर्यंत धरायचं आणि केव्हा, किती सोडायचं, हे नदीला विचारून ठरवायचं.

तुम्ही म्हणाल, तिथे माळरान होतं, पुण्यात कुठून आणणार जमीन? रास्त आहे. म्हणून म्युनिक बघा. जर्मनीतलं दाट वस्तीचं शहर, आल्प्समधून येणारी इझार नदी. तिलाही दगडी-काँक्रीटच्या सरळ पात्रात कोंबलं होतं आणि तिचं बरंचसं पाणी वीजनिर्मितीच्या कालव्यात वळवलं होतं. आपल्या उजव्या कालव्यासारखंच म्हणा. तिथे २००० ते २०११ या काळात आठ किलोमीटरचा पट्टा सुधारला, खर्च सुमारे साडेतीन कोटी युरो. पण त्याआधी काय केलं? वीज कंपनीच्या परवान्याचं नूतनीकरण आलं तेव्हा नदीत सोडायचं किमान पाणी दुपटीहून जास्त करून घेतलं. वरच्या गावांच्या मैलापाणी केंद्रांत जंतू मारायला अतिनील किरणांची सोय केली. आणि मग काठाचं काँक्रीट फोडलं, पन्नास मीटरचं पात्र शक्य तिथे नव्वद मीटरपर्यंत रुंद केलं. पुरापासून संरक्षण हाही त्या योजनेचा उघड हेतू होता, आणि त्यासाठी त्यांनी पात्र आवळलं नाही, सैल केलं. आज तिथे उन्हाळ्यात लोक ऑफिस सुटल्यावर नदीत डुंबतात.

याच्या उलट टोकाला सोल शहरातला चोंगेचोन ओढा. त्यावरचा उड्डाणपूल पाडून तो उघडा केला, जगभर फोटो गेले. पण त्यातलं पाणी रोज सुमारे एक लाख वीस हजार टन, मुख्यतः हान नदीतून पंपाने आणलेलं. साबरमतीतही दिसतं ते नर्मदेचं पाणी आहे, आणि पात्र सरसकट २६३ मीटरचं करून टाकलंय. सुंदर दिसतं, संध्याकाळी गर्दी होते, त्याला मी नावं ठेवणार नाही. मात्र त्याला नदीचं पुनरुज्जीवन म्हणू नये, तो नदीच्या जागेवरचा तलाव आहे.

हा फरक शब्दांचा नाही. मार्गारेट पामर या अमेरिकी नदी अभ्यासिकेने सहकाऱ्यांसोबत २०१० मध्ये ७८ सुधारणा प्रकल्पांचा ताळेबंद मांडला. बहुतेक ठिकाणी पात्राला वळणं दिली, दगड टाकले, काठ सजवले. पाण्यातल्या लहान जिवांची विविधता स्पष्टपणे वाढलेली आढळली फक्त दोन ठिकाणी. कारण पाणलोटातून येणारं पाणी तसंच घाण आणि तसंच अनियमित राहिलं होतं. घर रंगवलं, नळाला पाणी नाही, तर राहायला कोण येणार?

आपल्याकडे हे समजणारे लोक नव्हते असं नाही. प्रकाश गोळे यांनी पुण्यात १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी काढली, मुळा-मुठेवरच्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या आणि परिसंस्था पुन्हा उभी कशी करायची हे शिकवणारा अभ्यासक्रम चालवला. जीवितनदीची मंडळी वर्षानुवर्षं काठावर फेऱ्या काढताहेत. ज्ञान गावातच होतं, फक्त बैठकीला बोलावलं जात नव्हतं.

आता सरकारी बाजू. मैलापाणी शुद्धीकरणाच्या ११ प्रकल्पांना जपानच्या कर्जातून ९९० कोटी २०१६ मध्ये मंजूर झाले. भूमिपूजन झालं ६ मार्च २०२२ ला. ४४ किलोमीटरच्या नदीकाठ सुधारणेचंही भूमिपूजन त्याच दिवशी. यातलं पहिलं काम माझ्या मते नदीचं आहे, दुसरं शहराचं. शुद्धीकरण पूर्ण होऊ दे, रोजच्या रोज तपासणी होऊ दे, माझं कौतुक तयार आहे. कारण हे पाणी इथे संपत नाही. मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि उजनीच्या खालची तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला डोक्यावर तुळस घेऊन जाणारी बाई वाळवंटात जे पाणी कपाळाला लावते त्यात आपल्या सोसायटीचा वाटा असतो.

पण दोन्ही योजना पूर्ण झाल्या तरी मुठेत डोंगरातलं पाणी किती असेल? त्याची तरतूद कुठेच नाही. मी साधं गणित केलं. ऑक्टोबर ते मे, खडकवासल्यातून नदीत सतत १०० क्युसेक सोडले, तर आठ महिन्यांत लागतात २.१ टीएमसी. चार धरणांच्या साठ्याच्या सुमारे सात टक्के. शंभर हा आकडा उदाहरणाचा आहे, खरा आकडा मासे, डोह आणि प्राणवायू मोजून अभ्यासकांनी ठरवावा. तुलनेसाठी, कालव्याचं आवर्तन सुटतं तेव्हा त्यातून हजार क्युसेकच्या वर जातं. पर्वतीखाली उभं राहिलं तर स्वच्छ पाण्याने तुडुंब कालवा दिसतो आणि तिथून हाकेच्या अंतरावर नदीत फेस.

ते दोन टीएमसी आणायचे कुणाकडून, हा खरा अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळून नदीप्रेम करण्यात अर्थ नाही. दौंड-इंदापूरच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी आधीच आवर्तनाची वाट बघत असतो, त्याच्या ताटातलं काढून नदीला देणं मला पटत नाही. शहराचा मंजूर कोटा साडेअकरा टीएमसी होता, उचल त्याच्या कितीतरी वर गेली. माझं म्हणणं, नदीचं पाणी शहराने द्यावं: गळती थांबवून, आणि बागा, बांधकामं, गाड्या धुणं यांना शुद्ध केलेलं पाणी देऊन. मुंढव्याच्या जॅकवेलमधून वापरलेलं पाणी कालव्यात टाकून शेतीला द्यायची सोय आहेच, ते पाणी नीट शुद्ध असेल तर वरचं तेवढं पाणी मोकळं होतं.

गंगेच्या वरच्या टप्प्यासाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढून किमान प्रवाह ठरवून दिला: नोव्हेंबर ते मार्च नैसर्गिक प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल, मे २५ टक्के, पावसाळ्यात ३०. तिथेही अंमलबजावणीवरून वाद आहेत, पण आकडा कागदावर आहे, विचारायला जागा आहे. मुठेचा आकडाच नाही.

पावसाळा संपला की पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समितीची बैठक होते. चार धरणांत किती पाणी आहे, पिण्याला किती, शेतीला किती आवर्तनं, बाष्पीभवन किती, याचा हिशेब तिथे मांडला जातो. बाष्पीभवनालाही रकाना असतो, नदीला नसतो. यंदाच्या बैठकीआधी तुमच्या आमदाराला आणि नगरसेवकाला गाठा आणि विचारा, तो रकाना मागणार आहात का. कोण काय उत्तर देतं ते मी इथे लिहीत जाईन.